फिरता तुषारक

द्रव कीटकनाशकाचे जवळजवळ एकसारख्या आकाराच्या बारीक थेंबांत रूपांतर करणारे साधन. यात जाळीचा दंडगोल किंवा चकती वेगाने फिरते व तिच्या कडेवरून द्रव थेंबांच्या रूपाने बाहेर फेकला जातो. पिकांवर विमानातून करावयाच्या फवारणीसाठी या साधनास १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये व्यवहारोपयोगी स्वरूप मिळाले. एडवर्ड बाल्स हे त्याचे आद्य संशोधक होत. त्यांच्या कार्यातून पुढे आलेला ‘मायक्रोनेअर’ तुषारक जगातील अनेक देशांत शेतीसाठी व टोळांच्या निर्मूलनासाठी वापरात आला. विमानी फवारणीचे यश विमानाच्या वेगापेक्षा किंवा टाकीच्या आकारापेक्षा थेंबाच्या आकारावर अधिक अवलंबून असते, ही जाणीव या साधनाच्या मुळाशी आहे.

इतिहास : पिकांवर विमानातून औषध टाकण्याचा पहिला नोंदलेला यशस्वी प्रयोग ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील ट्रॉय या गावाजवळ झाला. कॅटाल्पा वृक्षांच्या राईवर पडलेल्या अळ्यांचा नाश करण्यासाठी जॉन मॅक्रेडी या वैमानिकाने ‘कर्टिस’ बनावटीच्या विमानातून लेड आर्सेनेटाची भुकटी धुरळली. भुकटीची पेटी एत्येन दॉर्म्वा यांनी तयार केली होती. ती विमानाच्या बाजूस बसविलेली असून हाताने दांडा फिरवून भुकटी बाहेर सोडावी लागे. राईतील बहुतेक सर्व अळ्या मेल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या प्रदेशात बोंडांतील भुंग्याविरुद्ध कॅल्शियम आर्सेनेटाची विमानी धुरळणी सुरू झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी संश्लेषित कीटकनाशके उपलब्ध झाली आणि भुकटीच्या धुरळणीची जागा हळूहळू द्रवाच्या फवारणीने घेतली. युद्धकाळातील शिल्लक विमाने स्वस्तात मिळत असल्याने ती या कामास लावण्यात आली. पंखांखाली आडवी नळी बसवून तिला अनेक तोट्या (नोझल) जोडीत आणि पंपाच्या दाबाने त्यांतून द्रव फवारीत. जमिनीवरच्या फवारणी यंत्राचीच रचना अशा रीतीने विमानावर नेण्यात आली होती. विमानाची परिस्थिती मात्र वेगळी होती. त्याची वाहनक्षमता मर्यादित, उड्डाणाचा खर्च मोठा आणि शेतावर असण्याचा काळ थोडा. जमिनीवर हेक्टरी शेकडो लिटर पाणी वापरता येते. विमानातून तेवढे पाणी टाकावयाचे, तर एकेका हेक्टरासाठी पुन्हा पुन्हा उतरून टाकी भरावी लागेल. म्हणून थोड्या द्रवात सारे शेत कसे झाकावे, हा मुख्य प्रश्न ठरला.

इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर जॉन ब्रिटन व डेझमंड नॉर्मन हे दोन तरुण विमान-अभियंते या काळात विमानी फवारणीच्या व्यवसायात उतरले होते. पुढे १९६५ मध्ये उड्डाण केलेल्या ‘आयलंडर’ या छोट्या प्रवासी विमानामुळे ते प्रसिद्धीस आले. परंतु त्यांच्या उद्योगाचा आरंभ फवारणीच्या कामातून झाला होता. बाल्स यांच्या फिरत्या तुषारकाचा विकास याच वर्तुळात झाला.

थेंबाचा आकार : थेंबाचा व्यास मायक्रॉनमध्ये मोजतात. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा एक हजारावा भाग होय. थेंबाचे घनफळ त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच द्रवातून आठपट थेंब मिळतात. ४०० मायक्रॉन व्यासाच्या एका थेंबातील द्रवापासून १०० मायक्रॉन व्यासाचे ६४ थेंब होतात. एक हेक्टर सपाट पृष्ठावर १ लिटर द्रव १०० मायक्रॉन व्यासाच्या थेंबांच्या रूपात समप्रमाणात पसरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १९ थेंब पडतील. तोच द्रव ४०० मायक्रॉन व्यासाच्या थेंबांत पडला, तर दहा चौरस सेंटिमीटरमध्ये जेमतेम तीन थेंब येतील आणि पानावरच्या बहुतेक किडी त्यांतून सुटतील. शिवाय मोठा थेंब पानावर टिकत नाही. तो घरंगळून जमिनीवर पडतो आणि औषध वाया जाऊन मातीत मिसळते.

याचा अर्थ थेंब जितका बारीक तितका चांगला, असा मात्र नाही. स्थिर हवेत १०० मायक्रॉन व्यासाचा थेंब सेकंदास सुमारे पाव मीटर वेगाने खाली येतो, तर २० मायक्रॉन व्यासाचा थेंब सेकंदास सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. तीन मीटर उंचीवरून पहिल्यास जमिनीवर पोहोचण्यास बारा सेकंद पुरतात. दुसऱ्यास सुमारे चार मिनिटे लागतात. सेकंदास दोन मीटर एवढी मंद झुळूक असली, तरी तेवढ्या वेळात पहिला थेंब वीस-पंचवीस मीटर वाहून जातो; दुसरा मात्र सुमारे अर्धा किलोमीटर दूर, दुसऱ्याच्या शेतात, विहिरीत किंवा अंगणात जाऊन पडू शकतो. पाण्याच्या थेंबाचे बाष्पीभवन ही आणखी एक अडचण होय. ३० अंश सेल्सियस तापमानाच्या कोरड्या हवेत ५० मायक्रॉन व्यासाचा पाण्याचा थेंब काही सेकंदांतच आटून जातो व त्यातील औषधाचा सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतो.

दाबावर चालणाऱ्या साध्या तोटीतून निघणाऱ्या फवाऱ्यात दहा-वीस मायक्रॉनपासून ५०० मायक्रॉनपर्यंत सर्व आकारांचे थेंब एकाच वेळी असतात. त्यांतील मोठे थेंब थोडे असले, तरी बहुतेक द्रव त्यांतच असतो. बारीक थेंब संख्येने फार असले, तरी ते पिकापर्यंत पोहोचतीलच असे नाही. म्हणजे एकाच फवाऱ्याचा एक भाग मातीत आणि दुसरा वाऱ्यावर जातो. मधल्या आकाराचा उपयुक्त थेंब तेवढा कसा तयार करावा, हा प्रश्न बाल्स यांनी हाती घेतला होता.

रचना व कार्य : तोटीतून द्रव दाबाने बाहेर पडताना त्याचा पातळ पडदा होतो व हवेत फाटून त्याचे वेडेवाकडे तुकडे होतात. फिरत्या तुषारकात दाबाऐवजी केंद्रोत्सारी प्रेरणेचा उपयोग केलेला असतो. द्रव थोड्या दाबाने पोकळ आसातून आत येतो, छिद्रे असलेल्या नळीवरून सगळीकडे पसरतो आणि तिच्याभोवती फिरणाऱ्या बारीक तारांच्या जाळीच्या दंडगोलावर येतो. तेथून प्रेरणेमुळे तो जाळीच्या बाहेरील अंगास जातो व धाग्यांच्या किंवा थेंबांच्या रूपात सुटतो. द्रवाचा पृष्ठताण त्यास जाळीशी धरून ठेवण्याचा प्रयत्न करतो, तर फिरण्याची गती त्यास बाहेर फेकते. या दोहोंच्या तोलावर थेंबाचा आकार ठरतो. द्रव व दंडगोलाचा व्यास तोच ठेवून फेऱ्यांची गती दुप्पट केली, तर थेंबाचा व्यास साधारणतः निम्मा होतो.

ही गती देण्यासाठी वेगळ्या एंजिनाची आवश्यकता नसते. दंडगोलाच्या पुढील बाजूस पवनचक्कीसारखी पाती असतात. विमानाच्या वेगामुळे समोरून येणारी हवा त्यांवर आदळते आणि दंडगोल मिनिटास हजारो फेरे घेऊ लागतो. पात्यांचा कोन जमिनीवर असतानाच बदलता येतो. कोन कमी-जास्त करून फेऱ्यांची गती, आणि म्हणून थेंबाचा आकार, आधी ठरविता येतो. द्रवाचा प्रवाह वेगळ्या झडपेने नियंत्रित करतात. फवारणी थांबविल्यावर द्रव ठिबकू नये म्हणून पडद्याची झडप असते, तसेच दंडगोल थांबविण्यासाठी गतिरोधक बसविता येतो. तोट्यांच्या पद्धतीत एका विमानाला चाळीस-पन्नास तोट्या लागत. फिरते तुषारक साधारणतः चार ते दहा पुरतात. छिद्रे तुंबण्याचा त्रासही कमी होतो.

थेंबांचा आकार हाती आल्यामुळे ‘अतिअल्प घनफळ’ फवारणी शक्य झाली. या पद्धतीत हेक्टरी पाच लिटरपेक्षा कमी, पुष्कळदा एक लिटरच्या आसपास, द्रव वापरतात. पाणी लवकर आटत असल्याने त्याऐवजी सहसा तेलात विरघळविलेले, न आटणारे औषध घेतात. विमान वाऱ्याच्या दिशेला आडवे उडते व वाऱ्याच्या खालच्या बाजूकडून वरच्या बाजूकडे एकेक पट्टा पुढे सरकते. प्रत्येक पट्ट्यातील थेंब वाऱ्याबरोबर आधीच्या पट्ट्यांवर पसरतात व त्यांच्या थरांतून शेत झाकले जाते. म्हणजे येथे वाऱ्याचा उपयोग करून घेतला जातो. तथापि वारा फार असल्यास, किंवा अजिबात नसल्यास, ही फवारणी करता येत नाही. दुपारच्या तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी हवा थेंबांस उचलून नेते, म्हणून सकाळची किंवा सायंकाळची वेळ पसंत करतात.

विमानाकडून हाताकडे : एकसारख्या थेंबांचा विचार बाल्स यांनी विमानापुरता मर्यादित ठेवला नाही. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी हातात धरावयाची फिरत्या चकतीची फवारणी यंत्रे पुढे आणली. एका दांड्याच्या टोकाशी छोटी विद्युत्‌चलित्र, तिच्या आसावर कडेला बारीक दाते असलेली प्लॅस्टिकची चकती, वर औषधाची बाटली आणि दांड्यात विजेरीचे घट एवढीच त्यांची रचना असे. चकतीच्या प्रत्येक दात्यावरून एकेक थेंब सुटे. कीटकनाशकासाठी वेगाने फिरणारी व बारीक थेंब देणारी, तर तणनाशकासाठी मंद फिरणारी व मोठे थेंब देणारी चकती वापरीत. ‘नियंत्रित थेंबांची फवारणी’ या नावाने हा विचार पीकसंरक्षणाच्या शास्त्रात रूढ झाला. पाणी दुर्मिळ असलेल्या पश्चिम आफ्रिकेतील कापसाच्या शेतांत या यंत्रांचा मोठा प्रसार झाला. तेथे पाठीवरच्या पंपासाठी दूरवरून पाणी वाहून आणणे अल्पभूधारकास परवडणारे नव्हते.

ही अडचण महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्यासही परिचित आहे. बालाघाटच्या पठारावरील भूम (जि. धाराशिव) हा अवर्षणप्रवण तालुका उदाहरणादाखल घेता येईल. तेथील तुरीचे पीक फुलोऱ्यात येते, तेव्हा बऱ्याचदा माणसाच्या खांद्याच्या वर गेलेले असते आणि त्याच सुमारास घाटे अळीचा उपद्रव होतो. हेक्टरी ५०० लिटर या प्रमाणाने फवारावयाचे, तर एकरास २०० लिटर पाणी, म्हणजे १६ लिटरचे बारा-तेरा पंप होतात. तेवढे पाणी शेतापर्यंत आणावे लागते, पाठीवर वाहावे लागते आणि डोक्यावरच्या फांद्यांवर मारताना त्यातील काही भाग फवारणाऱ्याच्या अंगावरच येतो. धावपट्टी लागणारे विमान अशा लहान, बांधांनी तोडलेल्या शेतांच्या कामाचे नाही. त्यामुळे थोड्या द्रवात योग्य थेंब हा बाल्स यांचा विचार जेवढा मोठ्या मळ्यांसाठी, तेवढाच अशा शेतांसाठीही महत्त्वाचा ठरतो.

भारतातील विमानी फवारणी : भारतात टोळांचे निर्मूलन, तसेच कापूस, ऊस, काजू इ. पिकांवरील काही किडींचे नियंत्रण यांसाठी विमाने व हेलिकॉप्टरे वापरण्यात आली. बंगलोर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्स या शासकीय उद्योगाने खास शेतीसाठी ‘बसंत’ हे एका आसनाचे विमान तयार केले. त्याच्या सुधारित आवृत्तीचे पहिले उड्डाण मार्च १९७२ मध्ये झाले. त्यास ४०० अश्वशक्तीचे एंजिन होते. सुमारे चाळीस विमाने तयार झाल्यावर १९८० च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले. लहान शेते, एकमेकांस लागून असलेली भिन्न पिके, शेतांमधून गेलेल्या विजेच्या तारा आणि वस्तीची जवळीक या कारणांमुळे भारतात विमानी फवारणीचा विस्तार मर्यादितच राहिला.

टोळांच्या बाबतीत मात्र तिची गरज टिकून राहिली. मे २०२० मध्ये राजस्थान व मध्य प्रदेशातून आलेल्या टोळधाडी अमरावती, वर्धा व नागपूर या जिल्ह्यांत शिरल्या. त्या वर्षी भारत सरकारने दोन एमआय-१७ हेलिकॉप्टरांवर फवारणीची साधने बसविण्यासाठी इंग्लंडमधील मायक्रॉन या, बाल्स यांच्या परंपरेतील, कंपनीशी करार केला होता. कोविड-१९ च्या साथीमुळे ते काम लांबले. तेव्हा चंडीगढ येथील वायुसेनेच्या तिसऱ्या क्रमांकाच्या दुरुस्ती आगाराने देशी भागांपासून फवारणीची यंत्रणा तयार केली. तीत फिरत्या तुषारकांऐवजी तोट्या होत्या व त्यांतील काही चंडीगढच्याच केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेने विकसित केल्या होत्या. ८०० लिटर मॅलॅथिऑन घेऊन एका उड्डाणात, सुमारे ४० मिनिटांच्या फवारणीत, अंदाजे ७५० हेक्टर क्षेत्र झाकण्याची तिची योजना होती. हे प्रमाण हेक्टरी एक लिटरपेक्षा थोडेच अधिक भरते.

धोके व मर्यादा : तुषारक थेंबाचा आकार ठरवितो, थेंब कोठे पडेल हे ठरविणे मात्र त्याच्या हाती नसते. ते उड्डाणाची उंची, वारा, भूरचना आणि फवारणी करणाऱ्याचे तारतम्य यांवर अवलंबून असते. केरळच्या कासारगोड जिल्ह्यातील काजूच्या मळ्यांवर १९७० नंतरच्या दशकापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरांतून एंडोसल्फान या कीटकनाशकाची फवारणी होत असे. हा प्रदेश डोंगरउतारांचा असून मळ्यांच्या खालीच दऱ्यांतून वस्ती, झरे व उघड्या विहिरी आहेत. तेथील रहिवाशांत जन्मजात व्यंगे, मज्जासंस्थेचे विकार व अन्य गंभीर आजार मोठ्या प्रमाणात आढळल्याच्या तक्रारी पुढे आल्या आणि त्यांतून दीर्घ लढा उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये एंडोसल्फानच्या उत्पादनास व वापरास देशभर मनाई केली, तर जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश केरळ शासनास दिला. यूरोपीय संघाने २००९ च्या निर्देशान्वये अपवादात्मक परिस्थिती वगळता विमानी फवारणीस बंदी घातली.

थेंबाचा धोका विमानापुरताच नसतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथे विमान नव्हते. यंत्र पाठीवरच होते. उंच व दाट वाढलेले पीक, निरनिराळ्या औषधांची मिश्रणे आणि संरक्षक कपड्यांचा अभाव ही कारणे त्या वेळी पुढे आली. श्वासावाटे व त्वचेवाटे शरीरात जाणारा थेंब फवारणाऱ्याच्या डोळ्यांस पुष्कळदा दिसतही नाही. अतिअल्प घनफळ पद्धतीत औषध अधिक तीव्र असते. पाणी वाचते हे खरे. पण चुकीच्या जागी पडलेला प्रत्येक थेंबही तितकाच तीव्र असतो. म्हणून या पद्धतीसाठी त्याच कामाकरिता तयार केलेले औषध, वाऱ्याकडे पाठ राखून काम करण्याची शिस्त आणि हातमोजे, मुखपट्टी इ. साधने यांची आवश्यकता साध्या फवारणीपेक्षा अधिक असते.

ड्रोनचा वापर : मानवरहित छोट्या विमानांनी (ड्रोन) या विषयास नवे महत्त्व आणले आहे. भारतात ड्रोनविषयीचे सुटसुटीत नियम ऑगस्ट २०२१ मध्ये जारी झाले व त्याच वर्षाच्या अखेरीस कृषी मंत्रालयाने ड्रोनमधून कीटकनाशक फवारण्याची कार्यपद्धती प्रसिद्ध केली. महिला बचत गटांना फवारणीसाठी ड्रोन पुरविण्याच्या केंद्रीय योजनेस नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ड्रोनची टाकी सामान्यतः दहा लिटरच्या आसपास असते व एकरास साधारणतः तेवढाच द्रव वापरतात. पाठीवरच्या पंपाच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे विसावा भाग आहे. धावपट्टी लागत नाही, बांधाच्या आतच वळता येते आणि फवारणारी व्यक्ती पिकाबाहेर उभी राहते, हे त्याचे लाभ आहेत. तथापि थोड्या द्रवात मोठे क्षेत्र झाकावयाचे असल्याने थेंबाच्या आकाराचा जुना प्रश्न येथे पुन्हा उद्भवतो. अलीकडील काही कृषी-ड्रोनांवर तोट्यांऐवजी फिरत्या चकत्या बसविलेल्या असतात. त्यांची गती विजेच्या साहाय्याने उड्डाणातही बदलता येते. बाल्स यांच्या तुषारकात त्यासाठी विमान जमिनीवर उतरवून पात्यांचा कोन बदलावा लागे. साधनांत असा फरक पडला असला, तरी पिकाच्या पानावर टिकेल इतका लहान आणि शेजाऱ्याच्या अंगणात जाणार नाही इतका मोठा थेंब तयार करणे, हीच फवारणी साधनांची कसोटी राहिली आहे.